भूकंपाचा मान

सासूबाईंना झटका आला त्याला अडीच वर्षं झाली होती. डावी बाजू गेली, त्याबरोबर वाचाही गेली. अगदी सगळी नाही, दोन शब्द तेवढे मागे राहिले. "हो का." तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडून दिलेली बाई ती. आता भूक लागली तरी "हो का", पाठ दुखली तरी "हो का", नात जवळ येऊन बिलगली तरी "हो का". कुठला "हो का" कशासाठी आहे, हे घरात एकट्या धाकटीला कळायचं.

धाकटी म्हणजे धाकटी सून. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायचं काम करायची. नंबराची काच चाकावर धरून फ्रेमच्या मापाची करायची, कड हाताला लागणार नाही इतकी गुळगुळीत करायची, मग फ्रेमला ऊब देऊन काच आत बसवायची. नवरा लिफ्टचा मिस्त्री होता. एका सहा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर त्यांचं घर होतं, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. एकीत हे दोघं आणि सात वर्षांची ठमी, दुसरीत सासूबाई. थोरले दीर आणि जाऊबाई त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. दीर शाळेची बस चालवायचे. आईला भेटायला रविवारी वर यायचे, दारातच उभे राहून चौकशी करायचे आणि चप्पल न काढता खाली जायचे.

या थोरल्या दिरांनी घरात मोजणीबुवांना आणलं.

मोजणीबुवा म्हणजे निवृत्त झालेले सरकारी मोजणीदार. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी साखळीने मोजल्या. निवृत्त झाल्यावर मोजायला काही राहिलं नाही, तेव्हा धर्मग्रंथ मोजायला घेतला. ओळी मोजल्या, अक्षरं मोजली, कुठला शब्द किती अक्षरांनी परत येतो ते वह्यांमध्ये मांडलं. प्रलयाच्या अध्यायांवर त्यांचा विशेष जीव. दर मंगळवारी एका सभागृहात ते हे सगळं सांगायचे. सुरुवातीला ऐकायला दहा-पंधरा माणसं असायची, त्यातली निम्मी तिथल्या पंख्यासाठी. मग एका मंगळवारी ते म्हणाले, "या आठवड्यात जमीन बोलेल." आणि शुक्रवारी सकाळी जमीन खरंच हलली. फार नाही. फळीवरचे डबे वाजले, एका गच्चीचा कठडा रस्त्यावर आला. धाकटीच्या हातातली काच चाकावरून निसटून दोन तुकडे झाले. पण तेवढं पुरलं. पुढच्या मंगळवारी सभागृहाच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं उभी होती.

दोन महिन्यांनी बुवांनी मोठ्या भूकंपाची तारीख सांगितली. शुक्रवार, दुपारी बारा. शहरात एक भिंत उभी राहणार नाही. वाचायचं असेल त्याने गुरुवारी सकाळी शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर यावं. तिथे विमानं उतरायची बंद होऊन वीस वर्षं झाली होती. चहूकडे मोकळं, डोक्यावर पडेल असं काही नाही. फक्त एक अट होती. ग्रंथात लिहिलं होतं म्हणे, की जो आपल्या पायांवर उभा राहील तोच मोजला जाईल. बुवांनी माणसं मोजली. बाराशे बारा भरली. हा आकडा ग्रंथातल्या आकड्याशी जुळत होता आणि तो बिघडून चालणार नव्हता.

बुधवारी थोरले दीर चौथ्या मजल्यावर आले. या वेळी खोलीत आले, खुर्ची ओढून खाटेजवळ बसले.

"आई, परवा भूकंप आहे. आम्हाला सगळ्यांना जावं लागतंय. तुला नेता येत नाही, तसा नियम आहे. तुझ्याजवळ देव थांबेल. चालेल ना तुला?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "हो का."

"बघा. हो म्हणाली."

"भाऊजी, त्या सगळ्यालाच हो का म्हणतात," धाकटी म्हणाली.

"त्यातला पहिला शब्द कोणता?" दीर म्हणाले आणि उठले.

धाकटी म्हणाली, मी येत नाही, मी इथेच थांबते. नवरा म्हणाला, थांब, ठमीला मी नेतो. मग तिने हट्ट सोडला. खरं सांगायचं तर भीती तिलाही होती. काच हातातून निसटली होती तेव्हापासून ती चाकावर काम करताना पाय जमिनीला घट्ट लावून बसायची. ठमी तिकडे आणि आपण इकडे, आणि मधे शहर कोसळलंय, हे चित्र तिला सोसेना. दिरांनी तोडगा काढला. इमारतीत धुण्याभांड्याला येणारी बाई सकाळ-संध्याकाळ येऊन सासूबाईंचं सगळं करेल. "मी बोललोय तिच्याशी," ते म्हणाले. "दीड दिवसाचा तर प्रश्न आहे."

गुरुवारी सकाळी धाकटीने सासूबाईंना पुसून घेतलं, चादर बदलली. उजव्या हाताला स्टूल ठेवलं. त्यावर लिटरभर पाण्याची बाटली, तिच्यात नळी, पेलाभर दूध, चार केळी. चमचा हातात दिला, काही लागलं तर बाईला आवाज द्यायला वाजवा म्हणून. निघताना सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "हो का," त्या म्हणाल्या. हा कुठला होता ते धाकटीला नीट कळलं. तिने मनगट हळूच सोडवून घेतलं.

प्रत्येक घराच्या दारावर चिकटवायला बुवांनी छापील कागदाची पट्टी दिली होती. दार आणि चौकट दोन्हींवर येईल अशी ती लावायची. ठमीला चिकटवायची हौस, म्हणून तिने लावली. "बाई आली की फाडेल," दीर म्हणाले. बुवांच्या सूचनेप्रमाणे नवऱ्याने लिफ्ट बंद केली, फ्यूज काढून खिशात टाकला आणि तळमजल्यावर पाटी अडकवली. इमारतीतले बहुतेक लोक धावपट्टीवर निघाले होते. ज्यांचा विश्वास नव्हता तेही, उगाच कशाला विषाची परीक्षा म्हणून, नातेवाइकांकडे गावी गेले होते.

धावपट्टीवर तंबू होते, पाण्याचा टँकर होता. माणसं सतरंज्यांवर बसली होती. शुक्रवारी बाराला सगळे उभे राहिले, हात धरून, डोळे मिटून. लहान मुलंसुद्धा गप्प होती. बारा वाजून पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक म्हातारा चक्कर येऊन खाली बसला तर त्याच्या मुलाने त्याला काखेत हात घालून उभा केला. एक वाजता बुवा तंबूत गेले आणि वह्या घेऊन बाहेर आले. एका अध्यायाच्या शेवटी तीन ओळी मोजायच्या राहिल्या होत्या. तीन ओळी म्हणजे तीन दिवस. सोमवारी दुपारी बारा. तोपर्यंत कोणी जागा सोडायची नाही.

त्याच संध्याकाळी ऊन उतरताना धाकटी टँकरवर पाणी आणायला गेली, तर रांगेत पुढे धुण्याभांड्याची बाई उभी.

"तुम्ही इथे कशा?" धाकटी म्हणाली.

"म्हणजे? सगळे आलेत ना."

"आमच्या सासूबाईंकडे कोण आहे?"

बाई गोंधळली. "तुमच्या दिरांना मी सांगितलं होतं, मला जमणार नाही, मीही जाणार आहे. ते म्हणाले, बरं, मग देव बघेल."

धाकटी रिकामी बादली तिथेच टाकून दिरांकडे गेली. दीर बसच्या सावलीत बसले होते. ते म्हणाले, "आता सांगून काय उपयोग? नाहीतर तू आली नसतीस." इतकंच. बसची किल्ली त्यांच्या गळ्यात होती आणि ती देणार नाही असं त्यांनी शांतपणे सांगितलं. शहर वीस किलोमीटरवर होतं. धाकटी चालत निघाली तेव्हा नवरा मागून धावत आला.

"तू कुठे जातेस एकटी? ठमी रडून गोंधळ घालेल. मी जातो. एकाची मोटारसायकल मिळतेय."

"नक्की जाशील?"

"माझी आई आहे ती."

तो गेला. दोन-अडीच तासांनी आला, केस धुळीने भरलेले. "बरी आहे," म्हणाला. "पाणी पाजलं. दूध गरम करून दिलं. चादर बदलली."

"काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? हो का."

धाकटी हसली. त्या दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली. शनिवारीही तो गेला, रविवारीही गेला. दर वेळी परत येऊन त्याने काय काय केलं ते सांगितलं. रविवारी तर म्हणाला, आईने पेपेरमिंट मागितली असं वाटलं, मी दिली. धाकटी निवांत झोपली. एवढी झोप तिला अडीच वर्षांत लागली नव्हती.

सोमवारी बाराला काही झालं नाही. एकला लोक बोलायला लागले, दोनला शिव्या द्यायला लागले. कोणीतरी बुवांच्या तंबूची दोरी कापली आणि तंबू त्यांच्या अंगावर बसला. ते आतून धडपडत बाहेर आले तर माणसं हसली. तीनला बस निघाल्या.

लिफ्ट बंदच होती. चार मजले चढून धाकटी दारापाशी आली. दारावर ठमीने लावलेली पट्टी होती. एका टोकाला किंचित वाकडी, डिंकाचे ओघळ वाळलेले. कुठे फाटलेली नाही, कुठे सुटलेली नाही.

तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. तो पट्टीकडे बघत होता.

"ठमीला खाली जाऊबाईंकडे ने," ती म्हणाली आणि पट्टी फाडून आत गेली.

सासूबाई खाटेच्या काठावर अर्ध्या बाहेर लोंबकळत होत्या, उजवा हात जमिनीला टेकलेला. बाटली रिकामी होती, नळी चावून चपटी झाली होती. चारही केळी संपली होती आणि सालंही नव्हती. धाकटीने सालं शोधली, खाटेखाली, स्टुलामागे. नव्हती. खाटेजवळच्या भिंतीचा गिलावा हातभर जागेत खरवडून पोपडे निघाले होते. चमच्याने तेवढं झालं होतं. ऐकायला इमारतीत कोणीच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी पहाटे. म्हणजे शुक्रवारी पाणी मिळालं असतं तर.

नवरा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. धाकटी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कुठे जायचास?"

"टँकरच्या मागे. रस्त्यापलीकडे एक चर आहे, त्यात बसायचो."

"तीन दिवस?"

"पहिल्या दिवशी अर्ध्या रस्त्यापर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "मग म्हटलं, मी वर असतानाच आला तर? मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस आहे. इमारत बसते तेव्हा आत काय होतं ते मला माहीत आहे. परत फिरलो. तुला सांगायची लाज वाटली. एकदा खोटं बोललो, मग दुसऱ्यांदा काय सांगणार होतो?"

"पेपेरमिंट कशाला सांगितलीस?"

 धाकटीला पुढे कितीतरी दिवस बाकी सगळ्यापेक्षा त्या पेपेरमिंटचा राग येत राहिला.

मंगळवारी, सासूबाईंना पोचवून सगळे घरी आले होते तेव्हा मोजणीबुवा आले. सोबत कोणी नव्हतं. आदल्या दिवसापासून त्यांच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. कपाळावर तंबूची काठी लागून टेंगूळ आलं होतं. त्यांनी खिशातून टेप काढली आणि खाटेची लांबी मोजली, रुंदी मोजली, खाटेपासून दारापर्यंतचं अंतर मोजलं. भिंतीवरचे पोपडे बोट लावून मोजले. मग ते खाटेवर बसले आणि रडायला लागले.

"अकरा फूट चार इंच," ते म्हणाले. "अकरावा अध्याय, चौथी ओळ. 'एकीने अंगावर घेतलं आणि सगळे सुटले.' भूकंप आला होता. शनिवारी, या खोलीत. ही भिंत बघा. बाकी शहरात एक भिंत तरी तडकली का? तिने सगळा आपल्यावर घेतला."

थोरले दीर दारात उभे होते. आईच्या प्रेताजवळ ते रडले नव्हते, सोमवारपासून कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. आता ते मटकन खाली बसले. "मी तिला विचारलं होतं," ते म्हणाले. "ती हो म्हणाली होती."

"विचारणार तो मुलगाच," बुवा म्हणाले.

"तो गिलावा चमच्याने निघालाय," धाकटी म्हणाली. "त्या चमचा आपटत होत्या. पाण्यासाठी."

बुवांनी तिच्याकडे फार मायेने बघितलं. "पोरी, तुला दुःख झालंय."

धाकटी पोलीस चौकीवर गेली. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची बहीण धावपट्टीवर होती. "पाणी ठेवलं होतं ना?" त्यांनी विचारलं. "कोणी ठेवलं होतं?" ती म्हणाली, मी. "दार कोणी ओढून घेतलं?" ती म्हणाली, मी. "मग तक्रार कोणाविरुद्ध लिहू?" त्यांनी वही मिटली. म्हातारपण, आधीचा आजार, नैसर्गिक मृत्यू.

दहाव्या दिवशी सभागृहात सासूबाईंच्या नावाने सभा झाली. आत उभं राहायला जागा नव्हती. व्यासपीठावर सासूबाईंचा एक्स्चेंजमधला जुना फोटो होता, कानाला यंत्र लावलेला. थोरल्या दिरांचा सत्कार झाला. नवरा मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. लोकांना ते दुःख वाटलं. मग बुवांनी धाकटीच्या हातात माइक दिला. ती त्यासाठीच आली होती.

तिने काही राखून ठेवलं नाही. बाईला सांगितलेलंच नव्हतं हे सांगितलं. नवरा चरात बसला होता ते सांगितलं, तिथे बसलेल्या नवऱ्यासमोर. आपल्यालाही भीती वाटत होती आणि मनगट आपण सोडवून घेतलं, तेही सांगितलं. "एक लिटर पाणी होतं," ती म्हणाली. "त्यांनी केळ्याची सालंसुद्धा खाल्ली. त्या तहानेने मेल्या. भूकंप कुठेही आला नाही."

सभागृह हुंदके देत होतं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "सालं खाल्ली, पण तक्रार म्हणून केली नाही."

"तक्रार करायला वाचा कुठे होती त्यांना?" धाकटी म्हणाली.

"तेच तर," म्हातारी डोळे पुसत म्हणाली.

खाली उतरल्यावर बायांनी तिचे हात धरले. मुलांना पुढे करून तिच्याशी बोलायला लावलं. एक जण म्हणाला, असं स्पष्ट बोलायला फार मोठं मन लागतं. नंतर तिचं ते भाषण छापून वाटलं गेलं. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं गाळलं होतं.

सहा आठवड्यांनी बुवांनी नवी तारीख दिली.

त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात पाववाली चष्म्याच्या दुकानात आली. तिचं बेकरीचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. तिच्या सासऱ्यांच्या चष्म्याची एक काच फुटली होती. सासरे पूर्वी बंदरावर क्रेन चालवायचे, म्हणून सगळे त्यांना क्रेनआजोबा म्हणत. चार वर्षांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून बेकरीच्या मागच्या खोलीत अंथरुणावर होते.

"लवकर कराल ना?" पाववाली म्हणाली. "या वेळचा मान आमच्याकडे आहे. चार घरं मागे लागली होती, पण बुवांनी आमची खोली मोजली आणि आकडा जुळला."

धाकटीने चाक बंद केलं.

पाववाली पुढे वाकली. "एक विचारायचं होतं. पाणी तुम्ही नेमकं किती ठेवलं होतं? तिथे रडण्यात नीट ऐकू आलं नाही. बुवा म्हणाले, पहिल्या वेळी झालं तसंच व्हायला हवं. कमी नको, जास्तही नको."

"दहा लिटर," धाकटी म्हणाली. "दोन डझन केळी. पाव, दूध, बिस्किटं."

पाववालीने तिच्याकडे जरा बघितलं. "तुमचे दीर एक लिटर म्हणाले."

"त्यांना काय माहीत? ते खोलीत नव्हते."

"छापलंय त्यातही एकच आहे," पाववाली हळूच म्हणाली. तिचा सूर दुखावलेला होता. "असं करू नये हो. तुम्हाला मान मिळाला, आता दुसऱ्याला मिळतोय तर."

धाकटीने ठमीला आपल्या बहिणीकडे पाठवून दिलं. नवरा म्हणाला, मी धावपट्टीवर जातो. ती म्हणाली, जा. चौकीवर फोन केला तर उत्तर मिळालं, की सज्ञान माणूस आहे, त्याने आपल्या सहीने कागद दिलाय, आम्ही काय करणार? बस गेल्या, रस्ते रिकामे झाले. मग ती बेकरीच्या मागच्या बाजूला गेली. दाराला कुलूप आणि वर कागदाची पट्टी. खिडकीला गज होते. ती पाण्याचे कॅन घेऊन गेली होती.

क्रेनआजोबा उशीला टेकून बसले होते. दाढी केलेली, नवा सदरा, नवी काच बसवलेला चष्मा. भिंतीवर त्यांचाच मोठा फोटो लावलेला होता.

"तुम्ही त्या टेलिफोनवाल्या बाईंच्या सूनबाई ना?" ते म्हणाले. "ओळखलं मी."

"आजोबा, कुलूप तोडणाऱ्याला बोलावते मी. तुम्हाला बाहेर काढू."

"कशाला?"

"भूकंप होणार नाहीये. तुम्ही तहानेने मराल."

"ते तुमचं भाषण छापलंय त्यात वाचलं मी," आजोबा म्हणाले. "बसा."

ती खिडकीखालच्या पिठाच्या रिकाम्या डब्यावर बसली.

"चार वर्षं मी या खोलीत आहे," ते म्हणाले. "सून ताट आत सरकवायची आणि नाकाला पदर लावून जायची. मुलगा भट्टीवर असायचा. भिंतीपलीकडे त्याचा आवाज ऐकू यायचा, मला हाक कधी आली नाही. महिन्यापूर्वी बुवा येऊन खोली मोजून गेले. दुसऱ्या दिवशी सुनेने माझे पाय चोळले. नातवंडं खाटेवर चढून बसली, क्रेन कशी चालते विचारायला लागली. धाकट्या नातवाने तर पहिल्यांदा माझा चेहरा नीट बघितला असेल. काल मुलगा इथे जमिनीवर बसून जेवला माझ्याबरोबर. रडला. आता तुम्ही मला बाहेर काढलं, तर सोमवारी हे सगळे कोणाकडे परत येतील?"

"तुमच्याकडेच येतील."

आजोबा हसले. त्यांनी खिडकीकडे पाठ फिरवली.

ती गेली नाही. कुलूपवाला मिळाला नाही, तोही धावपट्टीवर होता. पहिला दिवस आजोबांनी आपलं एक लिटर पाणी घोट घोट करून पुरवलं.  दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली संपली. तिने गजांतून रबराची नळी आत सोडली, खाटेपर्यंत पोचेल इतकी लांब. त्यांनी ती हाताने झटकून टाकली. संध्याकाळी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जीभ सुजल्यासारखी झाली, ते काहीतरी पुटपुटत होते. मग हात चाचपडत आला आणि नळी सापडली.

ते प्याले. डोळे मिटून, लहान मुलासारखे आवाज करत बराच वेळ प्याले. पिऊन झाल्यावर म्हणाले, "चांडाळणी." आणि पुन्हा नळी तोंडात धरली.

सोमवारी बेकरीसमोर बस थांबली. मोजणीबुवा, पाववाली, तिचा नवरा, नातवंडं, मागे पन्नासेक माणसं. फुलं होती. पाववालीने पट्टी फाडली, कुलूप काढलं, दार ढकललं. क्रेनआजोबा उशीला टेकून बसले होते, चष्मा लावून. त्यांनी उजवा हात थोडा वर केला.

 फुलं धरलेला माणूस ती कुठे ठेवावीत म्हणून इकडेतिकडे बघत राहिला. मुलगा उंबऱ्यावरच थांबला होता, त्याचा चेहरा आधी सैल पडला आणि मग हळूहळू लाल झाला. धाकटा नातू "आजोबा" म्हणून पुढे धावला, तर पाववालीने त्याच्या सदऱ्याची कॉलर मागून धरली.

"बाबा," मुलगा म्हणाला, "लोकांना मी काय सांगू आता?"

बुवांना नळी दिसली आणि खिडकीखाली धाकटी दिसली. त्यांनी मोजणी बिघडल्याचं जाहीर केलं. भूकंप टळला नव्हता, तो यायचा राहिला होता, आणि जे काही होईल ते या दोघांच्या नावावर जमा होणार होतं. धाकटीच्या अंगावर कोणीतरी पिठाचा डबा फेकला. तिच्या भुवईवर खोक पडली.

पुढे काय व्हायचं ते झालं. तिने घासलेली काच डोळ्याला नको असं गिऱ्हाइकं सांगायला लागली, तेव्हा दुकानदाराने तिला यायचं बंद करायला सांगितलं. जाऊबाई जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. नवऱ्याने दोनदा सांगितलं की आपण दुसऱ्या गावी जाऊ. ती म्हणाली, तू जा. तो गेला, आणि जाताना फार हलका वाटत होता. ती ठमीला घेऊन बहिणीच्या घराजवळ एका खोलीत राहायला गेली. तिथल्या एका चष्म्याच्या दुकानात तिला अर्ध्या दिवसाचं काम मिळालं.

निघायच्या आधी ती एकदा बेकरीच्या मागे गेली. भिंतीवरचा फोटो काढलेला होता, खिळा होता. आजोबांची दाढी वाढली होती, सदरा पूर्वीचाच होता आणि खोलीला पूर्वीचाच वास होता. भिंतीपलीकडून भट्टीचा आणि मुलाच्या बोलण्याचा आवाज येत होता. चष्म्याची दांडी वाकली होती. त्यांनी खाटेवरून वाकून पुढे केला, तिने गजांतून हात घालून चष्मा घेतला, बोटांनी सरळ केला, काचा पुसल्या आणि परत दिला.

आजोबांनी तो लावला, तिच्याकडे नीट बघितलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पुढची तारीख सांगितली का बुवांनी?"

"अजून नाही."

"मी त्यांना निरोप पाठवलाय," ते म्हणाले. "खोली तीच आहे, मापं तीच आहेत. या वेळी तुम्ही येऊ नका."